मूठ नंतर जोडलेली

ह्यांच्या निरोपाला सहकाऱ्यांनी
शाल दिली, नारळ दिला,
आणि मंगळ बाजारातनं छापून आणलेला एक मग.
मगावर मिसरचा राजा.
दगडी तोंड, हनुवटीला चिकटवल्यासारखी दाढी,
कपाळावर फणा काढलेली नागीण.
"शितोळे, तुमच्या बाईंच्या माहेरचा माणूस,"
कोणी तरी म्हणालं, आणि सगळे हसले.

तुमच्या बाई म्हणजे मी नव्हे.
कमाटीबागेतल्या म्यूझियममध्ये
काचेखाली निजलेली ती.
एकतीस वर्षं हे तिच्या दाराशी स्टुलावर बसले.
शाळेची पोरं किंचाळत आली की म्हणायचे,
हळू. परगावची आहे.
इथल्या उकाड्यात आधीच झोप लागत नाही तिला.
मी डबा घेऊन जायची
तेव्हा मलाही हळू बोलायला लावायचे.

मगातून हे कधी प्याले नाहीत.
ह्यांचा चहा बशीतला, फुंकर घालून.
राजा फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी, तोंड खिडकीकडे.
एकदा धूळ पुसताना मी त्याला भिंतीकडे वळवून ठेवला,
तर दुपारी उठून ह्यांनी फिरवला.
बोलले काही नाहीत.

शेवटी मीच तो विरजणाला काढला.
दही छान लागायचं, घट्ट, कवडीसारखं.
मूठ तुटली ती रमीलाबेनच्या हातून.
आणि तिच्या तारेच्या घासणीनं राजाचं नाक
केव्हाच नेलं होतं.
"आ तो घसाई गयो, बेन."
हे आतून आले. म्हणाले, तिकडे शत्रू आला
की आधी पुतळ्याचं नाक फोडायचा.
श्वास बंद. पुढे राजा कितीही मोठा असो.
रमीलाबेननं घासणी खाली ठेवली.
त्या दिवसापासून ती त्याला नुसत्या बोटांनी धुते.

ह्यांनी मूठ चिकटवली,
रात्रभर रबर लावून ठेवली.
म्यूझियममध्ये असता, म्हणाले,
तर खाली चिठ्ठी लावली असती:
मूठ नंतर जोडलेली.

त्या श्रावणात विश्वामित्री घरात आली.
आधी न्हाणीच्या जाळीतून, चोरासारखी,
नंतर सरळ दारातून.
आम्ही वर, दव्यांकडे. दोन रात्री.
कोरडे पोहे, एक मेणबत्ती.
जिन्यातून बॅटरी मारली
तर खाली पाण्यावर दोन लाल ठिपके.
बडोद्याला मगर नवी नाही,
पण आमच्या सातव्या पायरीशी?
हे कठड्यावरून वाकून बघत म्हणाले,
राजाला आता घरच्यासारखं वाटत असेल.
मी चिडले. माझ्या लोणच्याच्या बरण्या खाली होत्या,
सुनेची कागदपत्रं, गव्हाचं पिंप.
आणि अचानक हसू आलं,
आवरेचना.
दवेबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पाणी उतरलं. गाळ राहिला,
काळा, सायीसारखा मऊ, घोट्यापर्यंत.
सगळे फावड्यानं ओढत होते.
हे स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले
आणि जुन्या टूथब्रशानं
वीत-वीत जमीन उघडी करू लागले.
मला ओरडायचं होतं. वेळ होता का ह्याला?
दुपारी फ्रिजखाली सापडला, कुशीवर निजलेला.
नागीण गेली होती. दाढी गेली होती.
एक डोळा तेवढा उरला होता.
मूठ शाबूत.

बशा सगळ्या फुटलेल्या.
वरून आणलेल्या स्टोव्हवर मी चहा टाकला, बिनदुधाचा,
आणि दुसरं काहीच नव्हतं म्हणून
त्यात ओतला.
ह्यांनी दोन्ही हातांत धरला,
राजाचा डोळा माझ्याकडे आला.

"हळू," मी म्हणाले.
कोणाला, ते ह्यांनी विचारलं नाही.